इव्हेंट पैसे वसूल होता का? सुपरहिरो क्रॉसओव्हर जोखायची रीत

मार्व्हल किंवा डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशकांचा एखादा मोठा इव्हेंट, म्हणजे अनेक मालिकांतली पात्रं एकत्र आणणारी गोष्ट, वाचून संपला की प्रश्न पडतोच: एवढं वाचलं, त्याचं चीज झालं का? लोकांना विचारलं तर दोनच उत्तरं मिळतात. एक तर ‘मैलाचा दगड’, नाही तर ‘पैसे पाण्यात’. दोन्ही मतं बहुतेक वेळा मुख्य मालिकेचा शेवटचा अंक ताजा असताना बनलेली असतात, आणि निकाल द्यायला त्याहून वाईट वेळ नाही. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त धुरळा असतो. इव्हेंटने काय कमावलं आणि काय गमावलं, ते पुढच्या वर्षभरातल्या साध्या मासिक अंकांत दिसतं.

खालच्या पायऱ्या कुठल्याही इव्हेंटला लावता येतात. उदाहरण म्हणून इथे मार्व्हलचा ‘सिव्हिल वॉर’ घेतला आहे. मुख्य मालिका सात अंकांची, मे २००६ ते फेब्रुवारी २००७, लेखक मार्क मिलर, चित्रं स्टीव्ह मॅकनिव्हन यांची. २०१६ चा सिनेमा पाहिला असेल तर तो बाजूला ठेवा. नाव आणि कॅप (कॅप्टन अमेरिका) विरुद्ध आयर्न मॅन (टोनी स्टार्क) हा सामना सोडला तर दोन्हींत फार थोडं सारखं आहे.

पायरी १: इव्हेंटचा सांगाडा ओळखा

सगळे इव्हेंट एका साच्यातले नसतात, आणि साचा चुकला की मोजमापही चुकतं.

पहिला प्रकार म्हणजे स्वतंत्र मुख्य मालिका आणि भोवती टाय-इन, म्हणजे इतर मालिकांचे जोडलेले अंक. सिव्हिल वॉर असाच. दुसऱ्या प्रकारात मुख्य मालिका नसतेच आणि चालू मालिकांतूनच गोष्ट पुढे सरकते. २००७ चा ‘सिनेस्ट्रो कोअर वॉर’ प्रामुख्याने ग्रीन लँटर्नच्या दोन मासिक मालिकांत आलटून पालटून घडतो. तिथे ‘टाय-इन वाचू की नको’ हा प्रश्नच उद्भवत नाही, एक अंक गाळला की दुवा तुटतो. तिसरा प्रकार तुकड्यांचा. आधी छोट्या मालिका, मग त्या सगळ्या एका मोठ्या मालिकेत येऊन मिळतात. २००६ चा ‘ॲनायहिलेशन’ तसा आहे: एक प्रस्तावनेचा अंक, चार-चार अंकांच्या चार मालिका, आणि मग सहा अंकांची मुख्य मालिका.

पहिल्या प्रकारात मुख्य मालिका एकटी समजायलाच हवी. तिसऱ्यात ही अट लावणं अन्यायाचं आहे.

पायरी २: आधी फक्त मुख्य मालिका, तीही सलग

नवखे वाचक हमखास इथे फसतात. नेटवर ‘संपूर्ण वाचनक्रम’ मिळतो, सिव्हिल वॉरसाठी तो शंभराच्या आसपास अंकांचा भरतो, आणि माणूस निमूटपणे पहिल्यापासून सुरुवात करतो. पंधराव्या अंकापर्यंत मुख्य गोष्टीचा धागा हातातून निसटतो आणि दोष मात्र गोष्टीच्या पदरात पडतो.

सरासरी अंक वाचायला पंधरा मिनिटं धरा. सात अंक म्हणजे पावणेदोन तास. एका बैठकीत, फार तर दोन बैठकांत संपवा. प्रत्येक अंक मिटल्यावर कागदावर तीनच गोष्टी टिपा: कोणाला काय हवं होतं, कोणी असा कुठला निर्णय घेतला जो मागे घेता येणार नाही, आणि काय समजलं नाही. तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची, पुढच्या पायरीला तीच लागते.

सिव्हिल वॉरला हे लावलं की चित्र लगेच उघडं पडतं. पहिल्या अंकात न्यू वॉरियर्स ही पोरसवदा टोळी टीव्हीच्या रिॲलिटी शोसाठी खलनायक पकडायला जाते, त्यांतला नायट्रो स्वतःचा स्फोट करतो आणि कनेटिकटमधल्या स्टॅमफर्ड गावात शाळेसकट सहाशेहून अधिक माणसं मरतात. मग कायदा: सुपरहिरोंनी सरकारदरबारी नोंदणी करायची, खरं नाव द्यायचं. कॅप्टन अमेरिका नकार देतो आणि उडत्या विमानावर उभा राहून निसटतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी स्पायडर-मॅन पत्रकारांसमोर मुखवटा काढतो. तीन अंकांपर्यंत प्रत्येक नोंदीत नाव, हेतू आणि परत न फिरणारा निर्णय भरता येतो. इव्हेंटची बांधणी अशीच हवी.

चौथ्या अंकात थॉरचा क्लोन बिल फॉस्टर या सुपरहिरोला मारतो. हाही मोठा निर्णय, पण कोणाचा? क्लोन हाताबाहेर जातो, म्हणजे घटना घडते, कोणी ती निवडत नाही. इथून पुढे ‘निर्णय’ या रकान्यात ‘मारामारी’ असं लिहावं लागतं. सातव्या अंकात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर कॅपची ढाल टोनी स्टार्कच्या तोंडावर आदळणार, इतक्यात अग्निशमन दलाची, रुग्णवाहिकेवरची साधी माणसं कॅपवर झडप घालून त्याला आवरतात. तो आजूबाजूची मोडतोड पाहतो. आपण लढाई जिंकतोय, पण मुद्दा हरलोय, अशा अर्थाचं बोलतो, मुखवटा उतरवतो आणि हात पुढे करतो. प्रसंग म्हणून हे उत्तम आहे. पण मधल्या तीन अंकांत तो ‘मुद्दा’ कोणी धड मांडलेलाच नाही, म्हणून शेवट जड वाटण्याऐवजी अचानक वाटतो. कागदावरच्या नोंदी नसतील तर नेमकं हेच हातातून सुटतं आणि ‘शेवट फसला’ एवढंच ढोबळ मत उरतं. फसलंय ते मधलं.

पायरी ३: टाय-इनची परीक्षा

आता तिसऱ्या रकान्यातले ‘समजलं नाही’ काढा आणि फक्त त्यांच्यासाठी टाय-इन शोधा. दोन किंवा तीन पुरेत. प्रत्येकाला यातली एक खूण द्या:

लागतोच: याशिवाय मुख्य मालिका तुटकी राहते.
भर घालतो: नसला तरी चालतं, असला तर पात्र खोल होतं.
फक्त बिल्ला: मुखपृष्ठावर इव्हेंटचं नाव आहे, आत मालिकेची नेहमीची गोष्ट.

सिव्हिल वॉरमध्ये नवख्याला हमखास खटकतं ते स्पायडर-मॅनचं पक्ष बदलणं. मुख्य मालिकेत ते पाचव्या अंकात घाईघाईने उरकलं आहे. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चे ५३२ ते ५३८ हे अंक वाचले की तो बदल पायरीपायरीने होताना दिसतो. ५३५ मध्ये टोनी त्याला निगेटिव्ह झोन या दुसऱ्या मितीतला तुरुंग दाखवायला नेतो, आणि बिनाखटल्याची माणसं कोंडलेली पाहून पीटरच्या (स्पायडर-मॅनच्या) मनात जे चालतं तेच मुख्य मालिकेत हवं होतं. हा अंक वाचकासाठी चांगला, पण मुख्य मालिकेच्या खात्यात तो उणा धरायचा. सर्वांत मोठ्या पात्राचा सर्वांत मोठा निर्णय दुसऱ्या मालिकेत विकत घ्यावा लागत असेल तर ती इव्हेंटचीच उणीव.

याहून ठळक उदाहरण डीसीकडे आहे. ग्रँट मॉरिसनच्या ‘फायनल क्रायसिस’ (२००८-०९) मध्ये शेवटच्या अंकात मँड्रॅक नावाचा खलनायक उगवतो. ‘सुपरमॅन बियाँड’ हे दोन अंक न वाचलेल्याला हा कोण, कुठून आला, काही पत्ता लागत नाही. नंतरच्या एकत्रित आवृत्त्यांत ते दोन अंक आत घेतले गेले. म्हणून पुस्तकरूपात घेताना अनुक्रमणिका आधी पाहा. एकाच इव्हेंटच्या दोन आवृत्त्यांत वेगवेगळे अंक असू शकतात, आणि मग दोन वाचकांचं भांडण प्रत्यक्षात दोन वेगळ्या पुस्तकांवर चाललेलं असतं.

टाय-इनमध्ये आणखी एक दोष शोधायचा: नियम बदलतात का? सिव्हिल वॉरमध्ये नोंदणी म्हणजे नक्की काय, नुसतं नाव द्यायचं, प्रशिक्षण घ्यायचं, की सक्तीने सरकारी नोकरी करायची, याचं उत्तर मालिकागणिक बदलतं. कारण सरळ आहे. एकाच वेळी दहा-बारा लेखक लिहीत होते आणि प्रत्येकाने आपल्या गोष्टीला सोयीचा कायदा घेतला. वादावर उभा असलेला इव्हेंट आणि वादाचा विषयच पातळ, हा या इव्हेंटचा सगळ्यात मोठा दोष आहे. मॅकनिव्हनच्या देखण्या पानांमुळे तो पहिल्या वाचनात झाकला जातो.

पायरी ४: चित्रकार आणि वेळापत्रक

हे पटकन तपासून होतं. श्रेयनामावलीत मुख्य चित्रकार शेवटपर्यंत तोच आहे का पाहा. फायनल क्रायसिस जे. जी. जोन्सने सुरू केला आणि शेवटचा अंक डग मान्केच्या हातून आला. पात्रांचे चेहरे मध्येच बदलले तर वाचताना अडखळायला होतं, आणि आधीच गुंतागुंतीची असलेली गोष्ट आणखी अवघड होते. सिव्हिल वॉरने उलट केलं. मॅकनिव्हनलाच पुरं करू द्यायचं म्हणून चौथा अंक ऑगस्ट २००६ वरून सप्टेंबरवर ढकलला, आणि त्याच्याशी बांधलेले इतर मालिकांचे अंकही अडकले. तेव्हा दुकानात चकरा मारणारे वाचक वैतागले. आज सलग वाचणाऱ्याला त्याचा फायदाच आहे.

उशीर नडतो तो वेगळ्या पद्धतीने. २०१५ चा ‘सीक्रेट वॉर्स’ (लेखक जोनाथन हिकमन, चित्रं एसाद रिबिच) आठ अंकांचा ठरला होता, झाला नऊ, आणि संपला जानेवारी २०१६ मध्ये. त्यानंतरचं नवं विश्व दाखवणाऱ्या मालिका मात्र ऑक्टोबर २०१५ पासूनच बाजारात होत्या. जग वाचलं हे वाचकाला तीन महिने आधीच कळलं. आता वाचताना नऊ अंक आधी संपवा, मग बाकीचं उघडा, म्हणजे हा तोटा उरत नाही. निकाल देताना पुस्तक आणि वेळापत्रक यांची गल्लत करू नका.

पायरी ५: वर्षभराचा जमाखर्च

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इव्हेंट संपल्याच्या महिन्यापासून बारा महिने धरा. तीन रकाने आखा: काय बदललं, किती टिकलं, आणि त्यातून कुठली गोष्ट निघाली. वजन तिसऱ्या रकान्याला. बदल टिकला नाही तरी चालेल, पण टिकला तोवर कोणी त्याचं काही केलं का, हे बघायचं.

सिव्हिल वॉरचा हिशेब असा लागतो.

कॅप्टन अमेरिका: अटक, आणि त्याच्याच मालिकेच्या २५ व्या अंकात, मार्च २००७ मध्ये, न्यायालयाच्या पायऱ्यांवर हत्या. २००९ मध्ये परत. मधल्या काळात लेखक एड ब्रुबेकरने नायकाशिवाय मालिका चालवून दाखवली आणि ३४ व्या अंकापासून कॅपचा जुना साथीदार बकी याच्या हाती ढाल दिली. घसघशीत जमा.

स्पायडर-मॅन: जून २००६ मध्ये जगजाहीर झालेली ओळख २००७ च्या अखेरीस ‘वन मोअर डे’ या गोष्टीने पुसली, आणि जाता जाता त्याचं लग्नही पुसलं. दीड वर्ष. उघड्या ओळखीतून येणारी गोष्ट नीट रुजायच्या आतच उपटली. मोठा खर्च.

थंडरबोल्ट्स: स्पायडर-मॅनचा जुना शत्रू नॉर्मन ऑस्बॉर्न याच्या हाती सरकारी टोळी, लेखक वॉरन एलिस. जमा.

पन्नास राज्यांत पन्नास पथकं: त्यावर ‘ॲव्हेंजर्स: द इनिशिएटिव्ह’ ही मालिका २००७ ते २०१० चालली. जमा.

बिल फॉस्टर: मेला, आणि त्याच्या जागी गोष्टीने फारसं काही उभं केलं नाही. एका कृष्णवर्णीय पात्राला फक्त धक्का देण्यासाठी मारलं, ही तेव्हाची टीका आजही खोडता येत नाही. खर्च.

मृत्यू मोजताना ‘परत येणारच आहे’ म्हणून हसून सोडू नका आणि रडूही नका. जागा कोणी भरली ते विचारा. १९८५ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’च्या आठव्या अंकात बॅरी ॲलन मेला आणि २००८ मध्ये परतला. मधली तेवीस वर्षं वॉली वेस्ट फ्लॅश होता, आणि कित्येक वाचकांसाठी फ्लॅश म्हणजे तोच. त्या मृत्यूने मालिकेला नवा नायक दिला. वर्षभरात कोणी आठवणही काढली नाही असा मृत्यू म्हणजे नुसती जाहिरात.

सगळे पुढचे अंक वाचायला वेळ नसेल तर मार्व्हलपुरती एक युक्ती आहे. बहुतेक अंकांच्या सुरुवातीला ‘आतापर्यंत काय घडलं’ सांगणारं पान असतं. इव्हेंटनंतर सहाव्या आणि बाराव्या महिन्याच्या चार-पाच मालिकांची फक्त ती पानं वाचा. इव्हेंटचा उल्लेख अजून येतोय का, आणि ‘त्यामुळे’ असा येतोय की नुसताच ओझरता, एवढं पाहा. डीसीच्या अंकांत असं पान सहसा नसतं. तिथे पथकात कोण आहे, शहर कुठलं आहे, कोण कोणाशी बोलत नाही, यावरून ताडावं लागतं.

कधी कधी हिशेब मुख्य मालिकेच्या अगदी उलटा निघतो. २००८ चा ‘सीक्रेट इन्व्हेजन’ आठ अंकांचा, आणि त्यातली बरीच पानं एकाच भल्यामोठ्या हाणामारीची. पण शेवटच्या पानांवर सत्ता ऑस्बॉर्नच्या हाती जाते आणि पुढचं वर्षभर मार्व्हलचं सगळं जग त्या एका बदलावर चालतं. इव्हेंट मध्यम, परिणाम दांडगा. २००५ च्या ‘हाऊस ऑफ एम’चंही तेच. पर्यायी जगाचे अंक विसरलात तरी चालेल, पण शेवटी वांडाच्या एका वाक्याने म्युटंटांची (जन्मजात शक्ती असलेल्यांची) संख्या शेकड्यांवर येते आणि एक्स-मेनच्या मालिका २०१२ पर्यंत त्याच टंचाईत जगतात.

पाहुण्या पात्रांचा हिशेबही याच पायरीत करा. २०१४ च्या ‘स्पायडर-व्हर्स’मध्ये मुंबईचा स्पायडर-मॅन, पवित्र प्रभाकर, येतो. २००४ मध्ये चार अंकांच्या मालिकेतून आलेलं हे पात्र. आपल्याकडच्या वाचकाला त्याला पाहून बरं वाटणार, हे उघड आहे, पण हजेरी म्हणजे जमा नव्हे. जमा ही की इव्हेंटनंतर तो ‘वेब वॉरियर्स’ या मालिकेत कायमच्या पथकात दिसतो. स्पायडर-ग्वेनला तर त्याच इव्हेंटच्या तोंडावर जन्म मिळाला आणि २०१५ मध्ये स्वतःची मालिका.

पायरी ६: किंमत आणि वेळ वेगळे मोजा

२००६ मध्ये बहुतेक अंक २.९९ डॉलरला होते. सिव्हिल वॉरची मुख्य मालिका वीस-बावीस डॉलरची, सगळं मिळून तीनशेच्या घरात. वेळ पावणेदोन तासांऐवजी पंचवीस तास. म्हणून ‘वसूल झाला का’ याचं उत्तर नेहमी ‘किती वाचलं तर’ यासकट द्यायचं. आमचं उत्तर: सात अंक, स्पायडर-मॅनचे सात आणि त्यानंतरची ब्रुबेकरची कॅप्टन अमेरिका, एवढं घेतलं तर होय. शंभर अंक घेतले तर नाही, मुळीच नाही.

तुलनेला ॲनायहिलेशन घ्या. तेवीस अंक, सहा तासांच्या आत. सिव्हिल वॉरच्या गलक्यात तेव्हा फार थोड्यांनी तिकडे पाहिलं. त्यातून आणि त्याच्या पुढच्या भागातून २००८ ची ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ ही नवी टोळी उभी राहिली, आणि २०१४ चा सिनेमा त्याच टोळीवर. त्यामागे ना मोठा वाद होता, ना कोणी पत्रकार परिषदेत मुखवटा काढला होता.

कशाला पुरावा मानू नये

खपाच्या आकड्यांना. अमेरिकेत महिन्याचे जे आकडे वर्षानुवर्षं छापले गेले ते दुकानदारांनी मागवलेल्या प्रतींचे, वाचकांनी नेलेल्या नव्हे. वेगवेगळ्या मुखपृष्ठांसाठी आणि भेटवस्तूंसाठी ते आकडे फुगतात. २००९ मध्ये डीसीच्या ‘ब्लॅकेस्ट नाइट’च्या वेळी रंगीत प्लॅस्टिकच्या अंगठ्या हव्या असतील तर दुकानदाराला ठरावीक टाय-इनच्या बऱ्याच प्रती मागवाव्या लागत. त्या टाय-इनचा खप त्या महिन्यात उसळला. त्यावरून अंक बरा होता असं म्हणता येत नाही.

इव्हेंट धंद्यासाठी काढला होता, हाही पुरावा नव्हे. १९८४ चा पहिला ‘सीक्रेट वॉर्स’ मॅटेलच्या खेळण्यांसाठीच निघाला होता आणि गोष्ट बेताचीच आहे. पण त्यात स्पायडर-मॅनला मिळालेल्या काळ्या पोशाखातून पुढे १९८८ मध्ये व्हेनम हा खलनायक आला.

इव्हेंट अजून चालू असेल तर

चालू इव्हेंट घ्यावा की सोडावा, याचा निर्णय तिसऱ्या अंकानंतर करा. तोवर दुसऱ्या रकान्यात, म्हणजे परत न फिरणाऱ्या निर्णयांच्या, किमान दोन नोंदी हव्यात. नसतील तर थांबा आणि पुढे पुस्तकरूपात पाहा. मार्व्हल अनलिमिटेड या डिजिटल वाचनसेवेवर छापील अंकानंतर साधारण तीन महिन्यांनी अंक येतो, तेव्हा थांबण्याने फारसं बिघडत नाही. टाय-इन मात्र इव्हेंट चालू असताना एकही विकत घेऊ नका, तुम्ही ती मालिका आधीपासून वाचत असाल तर गोष्ट वेगळी. आणि मुख्य मालिकेचे जाहीर झालेले अंक मध्येच वाढले, जसे २०१६ च्या ‘सिव्हिल वॉर २’चे सातावरून आठ झाले, तर शेवटचा अंक येईपर्यंत त्यानंतरच्या नव्या मालिकांचे पहिले अंक उघडू नका. शेवट तिथेच फुटलेला असतो.